मुरलेलं जेवण

आमच्याकडे नाताळच्या रात्री पाहुण्यांच्या ताटात ताजं असं जवळजवळ काही नसतं. सोरपोतेल, म्हणजे पोर्क-कलेजीचं आंबट-तिखट कालवण, तीन दिवसांचं, पोर्कचंच इंद्याल दोन दिवसांचं, केक तीन आठवड्यांचा, केकमधले मनुके दिवाळीच्या आधीपासून रममध्ये पडलेले, आणि हे सगळं ज्या मसाल्यावर उभं आहे तो मे महिन्यातला. भात आणि फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, सोडले तर बाकी सगळं शिळं. मी हे पाहुण्यांपासून लपवत नाही. पहिल्यांदा येणारा कोणी असेल तर त्याचा घास क्षणभर हातातच थांबतो. मग तो खातो, आणि दुसऱ्यांदा वाढून घेताना शिळेपणाबद्दल काही बोलत नाही.

आपल्याकडे शिळ्याला मान नाही. शिळी भाकरी गरिबाची, शिळ्या कढीला ऊत आणणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, आणि सणाच्या दिवशी तर पानात पडेपर्यंत सगळं वाफाळतं हवं. त्याच घरात वर्षाचं लोणचं मात्र कौतुकाने वाढलं जातं. नाताळचं जेवण या लोणच्याच्या जातीचं आहे. ते आखायचं म्हणजे २५ डिसेंबरपासून मागे मोजत जायचं, आणि जे जास्त मुरणारं ते आधी उरकून मोकळं व्हायचं. मासिकांतून दर वर्षी छापून येणारे ‘झटपट ख्रिसमस मेनू’ मी याच कारणाने वाचत नाही.

माझं माहेर वसईचं, सासर गोराईचं, आणि संसार बोरिवलीतल्या फ्लॅटमध्ये. आम्ही ईस्ट इंडियन. हे नाव ऐकलं की लोक आम्हाला बंगाल-ओडिशाकडे शोधायला लागतात. आम्ही उत्तर कोकणातलेच, घरात मराठी बोलणारे कॅथलिक. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, इथल्या पुढाऱ्यांनी हे नाव घेतलं. मुंबईत नोकरीसाठी गोव्याहून, मंगलोरहून ख्रिस्ती मंडळी येत होती. त्यांच्यापेक्षा आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीचे जुने सेवक, हे इंग्रज सरकारला कळावं एवढाच हेतू. कंपनी गेली, राणी गेली, नाव राहिलं. तेव्हा आडनाव पोर्तुगीज, जमातीचं नाव इंग्रजी, बोलणं मराठी, आणि मसाल्यात नागकेशर, त्रिफळ, दगडफूल.

त्या मसाल्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण नाताळची पहिली तयारी मे महिन्याच्या उन्हात होते. बाटली मसाला. काश्मिरी आणि रेशमपट्टी मिरच्या, धणे, हळकुंडं, तीळ, खसखस, मोहरी, जिरं, मिरी, दालचिनी, लवंग, जायपत्री, मायपत्री, आणि दाटपणासाठी भाजलेले गहू नि हरभरे. प्रत्येक घराची यादी वेगळी आणि प्रत्येक घराच्या मते तीच खरी. सगळं कडक उन्हात वाळवायचं, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग कुटायचा. माझ्या लहानपणी कुटणाऱ्या बायका घरी यायच्या. उभ्या लाकडी उखळात दोघी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ टाकायच्या. आता मी डंकावर कुटून आणते. मसाला भरायचा गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत, काठीने ठासून ठासून, म्हणजे हवा राहत नाही आणि उजेडाने रंग उडत नाही. आमच्याकडे बिअर कोणी पीत नाही असं सगळे सांगतात. बाटल्या कुठून येतात हे मे महिन्यात विचारायचं नसतं.

दुसरा आधार शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, आणि तो पोर्तुगीजांनी दिलेला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या ताब्यात होती. महिनोन् महिने जहाजावर काढणारी ही माणसं मांस टिकवायला आंबट आणि लसूण वापरत. इथे ताडीचा शिरका मिळाला, अमेरिकेहून त्यांनीच आणलेली मिरची इथल्या मातीत रुजली, आणि हळद-जिरं तर आमच्या घरात होतंच. त्यातून इंद्याल झालं. आमचं इंद्याल म्हणजे मिरच्या, लसूण, जिरं, हळद शिरक्यात वाटून चरबीसकट पोर्कला चोळायचं, रात्रभर ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी मंद आचेवर त्याच्या स्वतःच्या पाण्यात शिजवायचं. वाटताना, शिजवताना, भांडं विसळून घालताना, कुठेही पाण्याचा थेंब नाही. शिरक्याच्या आंबटपणात जंतूंची डाळ शिजत नाही. पाणी घातलं की तो आंबटपणा पातळ झाला, आणि टिकाऊपणा गेला. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. अॅल्युमिनियमला शिरका खातो आणि जेवणाला पत्र्याची चव येते.

सोरपोतेल मात्र नुसतं मुरवून भागत नाही, त्याला हात लागतात. पोर्क, कलेजी, हृदय, जमलं तर जीभ, सगळं आधी मोठ्या तुकड्यांत अर्धकच्चं उकडायचं. उकडून गार झालेलं मांस सुरीखाली सरकत नाही, म्हणून ही पायरी टाळता येत नाही. मग चिरायचं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. दोन किलो मांस हरभऱ्याएवढं चिरायला बसलं की माणसाचा स्वभाव कळतो. माझ्या नणंदेचे तुकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत एका मापाचे असतात. नवऱ्याचे पहिल्या पावशेरानंतर फुगत जातात आणि शेवटी-शेवटी तो ‘शिजल्यावर काय कळतंय’ म्हणायला लागतो. कळतं. मोठा तुकडा आतून कोरा राहतो. चिरून झालं की चरबीचे तुकडे आधी कढईत, ते आपलं तेल सोडतात, त्यात मांस थोडं थोडं करून परतायचं, कलेजी शेवटी, कारण ती लगेच निबर होते. मग कांदा, आलं-लसूण, वाटण, शिरका, आणि रक्त मिळालं असेल तर तेही. चांगल्या दुकानदाराकडे आधी सांगून ठेवलं तर मिळतं. पोर्कची रांग हे आमच्या घरातल्या पुरुषांचं खातं आहे, आणि २२ तारखेला पहाटे तिथे उभं राहण्याचं शौर्य मग वर्षभर ऐकवलं जातं.

करून झालं त्या दिवशी सोरपोतेल चाखू नये. शिरका एकीकडे, मिरची एकीकडे, कलेजीचा कडवटपणा तिसरीकडे. दुसऱ्या दिवशी उकळी आणून परत झाकायचं. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं की कळतं, भांडणं मिटली आहेत. मसाल्यांचा बराचसा वास तेलातच उतरणारा असतो. थंड-गरम होत होत तो चरबीतून मांसाच्या आत पोचतो, आणि कातडीखालचा चिकटपणा रश्श्यात येऊन रस्सा अंगाशी धरतो. फ्रीज नव्हते तेव्हा आजी मातीच्या भांड्यात ठेवून रोज उकळी काढायची. मी फ्रीजमध्ये ठेवते, तरी रोजची उकळी सोडत नाही. ओला चमचा बुडवणाऱ्याला आमच्याकडे नात्यागोत्याचा विचार न करता बोलणी बसतात.

आजीच्या घरी तर २४ तारखेला भांडं उघडून बघण्यापलीकडे काही करता येत नसे. चर्चच्या जुन्या नियमांत नाताळची पूर्वसंध्या हा उपवासाचा, मांस वर्ज्य असलेला दिवस होता. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले, पण आजीला ते फारसं पटलेलं नव्हतं. तिने आपला उपवास चालूच ठेवला. घरभर शिरक्याचा वास, आणि ती संध्याकाळी पेज पिऊन मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायची. मध्यरात्रीच्या मिस्साला आख्खं घर चर्चमध्ये, परत येताना सोबत चार माणसं, आणि सगळ्यांना भूक. तेव्हा चूल पेटवून स्वयंपाक कोण करणार? जे आधीच होऊन बसलंय तेच वाढायचं. नाताळचं जेवण मुरलेलं असण्याचं एक कारण मला यात दिसतं.

गोडाचं काम त्या मानाने हसतखेळत होतं. कुलकुल करायला मी एक रविवार राखून ठेवते आणि इमारतीतली पोरं गोळा करते. मैदा, थोडा रवा, अंडं, नारळाचं दूध, कणीक घट्टसर. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर ठेवायची, अंगठ्याने दाबत खाली ओढायची आणि तशीच गुंडाळायची, की रेघा उमटलेला छोटा शंख हातात येतो. काटे कमी पडले तर नवे कोरे कंगवे. अर्ध्या तासाने पोरांचा उत्साह ओसरतो, शंखांऐवजी साप, गोगलगाई आणि एकदा तर चक्क विरार लोकल तयार झाली. मी सगळं तळते. डब्यात तेवढंच कुरकुरीत राहतं. नेवऱ्या मी विकत आणते, मिल्क क्रीमही. आमच्या चर्चच्या आवारात डिसेंबरात बायका टेबलं मांडून विकतात, त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा चांगली चव आहे, आणि सगळं घरीच झालं पाहिजे हा हट्ट मी मोलकरणीशिवाय पहिला नाताळ काढला त्याच वर्षी सोडला. मार्झिपान मात्र घरचं. बदामाच्या जागी काजू घालणं ही मुंबईची जुनी काटकसर, आणि खरं सांगू का, मला काजूचंच आवडतं.

केकच्या सुक्या मेव्यात मनुके, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल हे सगळ्यांचं असतं तसं आहेच. माझी भर सुकेळ्यांची. आगाशीकडची राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती तपकिरी, चिकट, मधासारखी सुकेळी बारीक चिरून रममध्ये टाकायची. महिन्याभरात ती विरघळल्यासारखी होतात, केक कापल्यावर दिसत नाहीत, आणि खाणारा विचारत राहतो की हा वास कसला. रंग जळवलेल्या साखरेचा. इथे धीर लागतो. साखर तांबूस झाली की हात गॅसकडे जातो, पण ती काळपट होऊन धूर सोडेपर्यंत थांबायचं आणि मग लांबूनच गरम पाणी ओतायचं. केक डिसेंबरच्या सुरुवातीलाच भाजून कागदात गुंडाळून ठेवते आणि अधूनमधून त्याला चमचाभर रम पाजते. आई मिश्रण टिनांत भरून, वर नावाची चिठ्ठी लावून बेकरीत भाजायला पाठवायची. पाव भाजून झाल्यावर भट्टीत जी ऊब राहते ती केकला बरोबर लागते. त्या चवीशी माझा ओव्हन अजून बरोबरी करत नाही.

आता पाहुणे. मेनू ठरवताना कोण काय खातं यापेक्षा कोण काय खात नाही याची यादी आधी करावी, आणि आमच्या घरात ती यादी पाहुण्यांच्या यादीएवढीच लांब होते.

खालच्या मजल्यावरच्या काकू मार्गशीर्ष कडक पाळतात. नाताळ कधी मार्गशीर्षात येतो, कधी पौषात. म्हणून डिसेंबर लागला की मी आधी कालनिर्णय बघते आणि मग मेनू. २०२४ मध्ये मार्गशीर्ष ३० डिसेंबरपर्यंत होता, तेव्हा काकूंसाठी वालाच्या दाण्यांची उसळ, कोबीची नारळ घातलेली फुगात, आणि बिनअंड्याचा वेगळा केक. २०२५ मध्ये २५ तारखेला नेमका गुरुवार आला, पण मार्गशीर्ष त्याच्या आधीच संपला होता. काकूंनी बदकाच्या मोईलवर, म्हणजे मसालेदार रश्श्यावर, महिनाभराची कसर काढली. नवऱ्याच्या ऑफिसातले एक स्नेही मुसलमान आहेत. ते सहकुटुंब येतात, म्हणून एक पातेलं मटणाचं, हलाल दुकानातून आणलेलं, त्याची कढई आणि डाव वेगळे, आणि एक केक रमशिवाय. त्याचा मेवा संत्र्याच्या रसात भिजवायचा, तो मात्र महिनाभर टिकत नाही, दोन दिवस फ्रीजमध्ये आणि लगेच भाजायचा. थोरल्या दिरांचं युरिक अॅसिड वाढलेलं, त्यांना कलेजी बंद. ते दर वर्षी सोरपोतेलच्या भांड्यासमोर उभे राहून डॉक्टरांच्या शिक्षणाबद्दल शंका काढतात. टोरंटोहून येणारी भाची यंदा काय सोडून आली असेल ते विमानतळावरच कळतं.

वेगवेगळं शिजवावं लागतं म्हणून पूर्वी मी कुरकुरायचे. आता नाही. जो माणूस आपल्याकडचं काही खात नाही तरी २५ तारखेला येतो, तो जेवायला नाही, आपल्याकडे आलेला असतो. त्याला पापड-कोशिंबिरीवर भागवायला लावणं मला बरं दिसत नाही.

टर्कीचं काय, असं दर वर्षी कोणीतरी विचारतंच. सिनेमांत बघून-बघून लोकांना वाटतं, की त्याशिवाय नाताळ नाही. टर्की ओव्हनमधून काढली की खायची, थोडी थांबली की कोरडी. शिवाय माझ्या ओव्हनमध्ये ती बसवायची तर दार उघडं ठेवावं लागेल. आमच्या टेबलावर मधोमध बसणारा पक्षी बदक. बाटली मसाला, आलं, लसूण, हिरव्या मिरच्या, कांदा भरपूर, शेवटी शिरक्याचा शिडकावा. बदकाची चरबी जाड असते, तेव्हा तेही आदल्या दिवशी केलेलं बरं. वर गोठलेली चरबी काढून टाकता येते आणि त्यातच बटाटे परतता येतात.

२४ तारखेला बदक उरकलं की मला स्वयंपाकघरात काही काम नसतं, आणि हीच आखणीची खरी परीक्षा. दुपारी येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला शेवटचा हात, गवत, मेंढरं, कापसाचा एरवी इथे कधी न पडणारा बर्फ. बाळाची मूर्ती मिस्साहून आल्यावरच ठेवायची, तोवर गव्हाण रिकामी. खिडकीत तारा लावला जातो. दिवाळीत शेजाऱ्यांचा कंदील लावून देणारा मुलगाच शिडी घेऊन येतो. २५ला सकाळी फराळाची ताटं निघतात. दिवाळीत सात घरांतून आमच्याकडे चकल्या-करंज्या आलेल्या असतात, आणि ती ताटं काही रिकामी परत गेलेली नसतात, तरी नाताळची फेड वेगळी. नेवरी बघून समोरच्या वहिनी दर वर्षी म्हणतात, ‘अगो, ही तर करंजीच.’ मीही दर वर्षी हो म्हणते.

आणि मग रात्र. चौदा-पंधरा माणसं, टेबल सहा जणांचं. मी पंगत मांडत नाही, भांडी ओट्यावर ओळीने ठेवते, डाव्या टोकाला बिनमांसाचं, उजव्या टोकाला पोर्क, मध्ये मटण आणि बदक. म्हणजे कोणाला विचारावं लागत नाही आणि कोणाला सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं टेबलाला, पोरं जमिनीवर, बाकीचे जागा मिळेल तिथे.

मीही जेवायला बसते. सगळ्यांबरोबर, पहिल्या वाढीला. यात काय विशेष, असं वाटेल. पण गणपतीत आमच्या काकूंकडे मी उकडीचे मोदक खायला जाते तेव्हा बघते: मोदक वाफेवरून थेट पानात पडतो, त्याची सारी गंमत त्या वाफेत, आणि म्हणून काकू शेवटपर्यंत शेगडीपाशी. पुरणपोळीचं तेच, पुऱ्यांचं तेच. गरमागरम सणाला कोणीतरी एक बाई चुलीशी उभी लागते. मुरलेल्या जेवणात ती सुटते. तिचे कष्ट वाचतात असं मी म्हणणार नाही; मांस चिरताना दुखलेलं मनगट मला चांगलं आठवतं. पण ते कष्ट डिसेंबरभर पसरतात, चार जणांत वाटता येतात, आणि नेमकं ज्या रात्री माणसं घरात असतात त्या रात्री ती माणसांत असते.

उरले फुगे. ते काही केल्या आधी करून ठेवता येत नाहीत. मैदा, अंडी, नारळाचं दूध. पूर्वी ताडीवर फुगवायचे, आता यीस्टवर. पीठ पातळसर, चिकट. डाव्या मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून बाहेर काढायचं, बुडबुड्यासारखं डोकं वर आलं की ओल्या बोटाने तोडून तेलात सोडायचं. ते स्वतःच उलटतात. सोरपोतेलमध्ये बुडवायला याच्यापरतं काही नाही. यासाठी कोणीतरी उभं राहायलाच हवं, आणि लग्नानंतरच्या काही वर्षांतच मी ते काम धाकट्या दिराच्या गळ्यात घातलं. तो आता त्यात इतका वाकबगार झालाय, की दुसऱ्या कोणाला कढईजवळ येऊ देत नाही. त्याची बायको, मी आणि नणंद टेबलाशी बसून ‘गरम आण रे’ म्हणून ओरडतो.

२६ला घरात फक्त फ्रीज भरलेला असतो. पाहुण्यांना डबे भरून दिले, तरी इंद्याल चांगलं एकतीसपर्यंत पुरतं. सोरपोतेलचं मात्र मी खरं कोणाला सांगत नाही. २८-२९च्या सुमारास धाकट्या भावाचा वसईहून फोन येतो, इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारतो, ‘ताई, थोडं उरलंय का गं?’ संपलं, असं मी सांगते. डबा इडलीच्या पिठाच्या मागे असतो. हे त्यालाही माहीत असल्यामुळे तो संध्याकाळी डझनभर पाव घेऊनच दारात उभा राहतो.